बेताच्या पैशांत जर्मनीत मास्टर्स: अर्जापासून दुसऱ्या वर्षापर्यंत

जर्मनीत शिक्षण फुकट असते, हे वाक्य आपल्याकडच्या इंजिनीअरिंग कॉलेजांच्या कट्ट्यांवर सर्रास ऐकू येते आणि ते निम्मेच खरे आहे. तिथली बहुतेक सरकारी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांकडूनही शिक्षणशुल्क घेत नाहीत. मात्र तिथे पोहोचून पहिले वर्ष काढायचे तर पंधरा लाख रुपयांच्या आसपासची जुळवाजुळव करावी लागते आणि त्यातला फार मोठा भाग विमानात बसण्यापूर्वीच भरायचा असतो. मी स्वतः या प्रक्रियेतून गेलो आहे आणि नंतर ओळखीतल्या अनेकांचे अर्ज पाहिले आहेत. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, साध्या घरातल्या विद्यार्थ्याची गाडी एकूण खर्चाच्या आकड्यापाशी क्वचितच अडते. ती अडते ती हाती पैसा नसताना अचानक रक्कम भरण्याची वेळ आल्यामुळे. म्हणून पुढे प्रत्येक पायरीवर काय करायचे याबरोबरच कोणता पैसा केव्हा लागतो, हेही सांगितले आहे.

हा लेख भारतातून पदवी घेऊन मास्टर्सला जाणाऱ्यांसाठी आहे. बारावीनंतर थेट पदवीला जायचे असेल तर नियम वेगळे आहेत; नुसत्या एचएससीच्या गुणांवर तिथे सहसा थेट प्रवेश मिळत नाही. सर्व रकमा २०२६ च्या सुरुवातीच्या आहेत आणि हिशेबाच्या सोयीसाठी एक यूरो म्हणजे शंभर रुपये धरले आहेत. प्रत्यक्ष भाव याहून थोडा चढाच असतो, हे लक्षात ठेवावे.

१. वेळापत्रक उलटे मोजून आखा

विद्यापीठांचे हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते आणि मास्टर्सचे बहुतेक प्रवेश याच सत्रात होतात. अर्जाची सर्वसाधारण मुदत १५ जुलै असली, तरी ती पाहून निश्चिंत होऊ नका. इंग्रजी माध्यमाच्या कित्येक अभ्यासक्रमांत युरोपीय संघाबाहेरच्या अर्जदारांसाठी ही मुदत मे महिन्यात, मार्चमध्ये, काही ठिकाणी तर त्याहूनही आधी संपते, कारण पुढे तुम्हाला व्हिसालाही वेळ लागणार हे विद्यापीठांना ठाऊक असते. उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होते. त्याची मुदत साधारण १५ जानेवारी असते आणि पर्यायही कमी असतात.

ऑक्टोबरमध्ये वर्गात बसायचे असेल तर आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हालचाल सुरू झालेली असावी. आयईएल्टीएस किंवा टोफेल ही इंग्रजीची परीक्षा, विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट (सर्व सत्रांच्या गुणांचा एकत्रित उतारा) आणि एपीएस प्रमाणपत्र (पदव्या खऱ्या असल्याचा दाखला) ही तीन कामे डिसेंबरपर्यंत आटोपली तर पुढचे सगळे सुसह्य होते. याच काळात जर्मन भाषेचा वर्गही लावावा. पुण्यात आणि मुंबईत माक्स म्युलर भवन आहे आणि पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधले वर्गही जुने व तुलनेने स्वस्त आहेत. अभ्यासक्रम पूर्ण इंग्रजीत असला तरी जर्मनची किमान ए२ (प्राथमिक), जमल्यास बी१ (मध्यम) पातळी गाठूनच निघावे, असा माझा आग्रह आहे, आणि त्यामागचे कारण पैशाचे आहे. ते कामाच्या पायरीत येईल.

२. अभ्यासक्रम निवडताना शुल्क आणि शहर एकत्र पाहा

शोध डीएएडी या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या यादीपासून सुरू करावा आणि सापडलेला प्रत्येक अभ्यासक्रम विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पडताळावा. या टप्प्यावर तीन सापळे आहेत.

पहिला सापळा खासगी संस्थांचा. नावात ‘अप्लाइड सायन्सेस’ किंवा ‘इंटरनॅशनल’ असले म्हणजे संस्था सरकारी असतेच असे नाही. फुकट सल्ला देणाऱ्या अनेक सल्लागारांना कमिशन खासगी संस्थाच देतात, त्यामुळे त्यांच्या यादीत त्याच वर दिसतात आणि प्रवेशही झटपट होतो. शुल्क मात्र वर्षाला दहा-बारा हजार यूरोंच्या घरात जाते. संस्था सरकारी आहे की खासगी, हे होखशूलकोम्पास या जर्मन विद्यापीठांच्या सूचीत स्पष्ट लिहिलेले असते. ते पाहण्याआधी कोणालाही पैसे देऊ नयेत.

दुसरा सापळा राज्याचा. शिक्षण हा तिथे राज्यांचा विषय आहे आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० यूरो घेते. श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग, मानहाइम ही सगळी त्याच राज्यातली. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरे आहेत, महाराष्ट्र सरकारचा त्या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करारही आहे, आणि तरीही मराठी विद्यार्थ्याला शुल्क नेमके तिथेच भरावे लागते! बव्हेरियात सरसकट शुल्क नाही. पण म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ पासून स्वतःचे शुल्क लावले असून मास्टर्ससाठी ते अभ्यासक्रमानुसार सत्राला ४,००० ते ६,००० यूरो आहे. जुन्या व्हिडिओंत ते विद्यापीठ अजूनही ‘फुकट’च्या यादीत दिसते.

तिसरा सापळा शहराचा आहे आणि तो सगळ्यांत महाग पडतो, कारण भाडे दरमहा जाते. म्युनिकमध्ये सामायिक फ्लॅटमधली एक खोली सातशे यूरोंना मिळाली तरी नशीब समजतात. केम्निट्झ, माग्डेबुर्ग, इल्मेनाउ किंवा लाइपझिगच्या कडेच्या भागात तशीच खोली तीनशे ते चारशे यूरोंत मिळू शकते. दोन वर्षांत हा फरक सात-आठ हजार यूरोंवर जातो, म्हणजे श्टुटगार्टच्या चार सत्रांच्या शुल्कापेक्षाही जास्त. उलट मोठ्या शहरात अर्धवेळ काम लवकर मिळते, हेही खरे. माझा कौल मध्यम आकाराच्या औद्योगिक शहराला आहे. आखेन, डार्मश्टाट, ब्राउनश्वाइग यांसारख्या ठिकाणी चांगले विद्यापीठ आणि आसपास कंपन्या, दोन्ही आहेत.

शुल्क नसले तरी सेमिस्टर काँट्रिब्युशन, म्हणजे दर सत्राची वर्गणी, सर्वत्र असते. विद्यापीठानुसार ते सत्राला साधारण १०० ते ४०० यूरो असते आणि त्यात बहुतेक ठिकाणी बस-रेल्वेचा पासही येतो. देशभर चालणारे डॉइचलांड तिकीट जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ यूरो झाले आहे. विद्यार्थ्यांना सेमिस्टर तिकीट म्हणून तेच सुमारे साठ टक्के किमतीत पडते. त्यामुळे काँट्रिब्युशनचा आकडा मोठा दिसला म्हणून अभ्यासक्रम खोडू नका, आत पास आहे का ते पाहा.

३. स्वतःचे गुण जर्मन पद्धतीत मोजा

जर्मनीत १.० हा सर्वोत्तम आणि ४.० हा उत्तीर्ण होण्यापुरता गुणांक असतो. रूपांतराचे सूत्र असे: कमाल ग्रेडमधून तुमचा ग्रेड वजा करायचा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण ग्रेडमधल्या फरकाने भागायचे, तीनने गुणायचे आणि एक मिळवायचा. दहाच्या श्रेणीत ८.० सीजीपीए असेल आणि किमान उत्तीर्ण ग्रेड ४ असेल, तर दोनला सहाने भागून तीनने गुणल्यावर १ येतो आणि त्यात एक मिळवून २.० होते. आता किमान उत्तीर्ण ग्रेड ५ धरला, तर त्याच विद्यार्थ्याचे २.२ होतात. पुष्कळ अभ्यासक्रमांची मर्यादा २.५ असते, म्हणजे काठावरच्या विद्यार्थ्याचा प्रवेश एवढ्या फरकाने जाऊ शकतो. म्हणून आपल्या विद्यापीठाचा कमाल आणि किमान उत्तीर्ण ग्रेड नमूद केलेले पत्र परीक्षा विभागाकडून सही-शिक्क्यानिशी घ्यावे.

गुणांइतकेच विषयांनाही वजन असते. ‘मेकॅनिकलची पदवी’ एवढ्याने जर्मन प्रवेश समिती समाधानी होत नाही. गणिताचे इतके क्रेडिट, थर्मोडायनॅमिक्सचे इतके, अशी तिची मोजणी असते. अभ्यासक्रमाच्या पानावरची अट आणि आपला सिलॅबस शेजारी ठेवून विषयवार तक्ता करावा. जिथे मोठी तूट दिसते तिथे अर्जाचे पैसे घालवू नयेत.

४. कागदपत्रांची फाइल

लागणारे कागद पुढीलप्रमाणे:

- किमान तीन वर्षे मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट (नियमाने याहून कमी मुदतही चालते, पण मध्ये नूतनीकरणाची यातायात नको)
- दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका व प्रमाणपत्रे
- पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, एटीकेटी असल्यास त्यांच्यासह
- पदवी प्रमाणपत्र, ते मिळेपर्यंत प्रोव्हिजनल प्रमाणपत्र
- विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्ट आणि वर सांगितलेले ग्रेडचे पत्र
- विषयांच्या तपशिलासह सिलॅबस
- इंग्रजीच्या, असल्यास जर्मनच्याही, परीक्षेचा निकाल
- युरोपास या युरोपीय संघाच्या नमुन्यातला बायोडेटा, मोटिव्हेशन लेटर आणि मागितली असल्यास दोन शिफारसपत्रे
- एपीएस प्रमाणपत्र

आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते आणि आईचे नाव वेगळ्या ओळीत असते. पासपोर्टवर हीच नावे दुसऱ्या क्रमाने येतात, कधी वडिलांचे नाव गळते, तर कधी इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे ‘ए’ जास्तीचे असते. नुसत्या क्रमाच्या फरकाने सहसा अडत नाही, पण स्पेलिंग किंवा लग्नानंतरचे आडनाव वेगळे असेल तर प्रतिज्ञापत्र, आणि शक्य असल्यास पासपोर्टमधली दुरुस्ती, आधीच करून घ्यावी. व्हिसाच्या तारखेनंतर या कामाला हात घालणे परवडत नाही.

ट्रान्सक्रिप्टच्या दोन-चार जादा बंद पाकिटांतल्या प्रती एकदमच मागवाव्यात. त्या पुन्हा मागवायच्या म्हणजे पुन्हा तीच खिडकी, तेच चलन आणि तेच ‘पुढच्या आठवड्यात या’.

५. एपीएस

भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हिसासाठी १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र सक्तीचे आहे. तुमच्या पदव्या खऱ्या आहेत, याची ही तपासणी असून तिचे कार्यालय नवी दिल्लीत आहे. शुल्क १८,००० रुपये आहे आणि अर्ज नाकारला गेला तरी ते परत मिळेल, असे धरून चालू नये. शेवटच्या वर्षात असलेल्यांनाही तोपर्यंतच्या गुणपत्रिकांवर अर्ज करता येतो, तेव्हा निकालाची वाट पाहत बसू नये. अनेक विद्यापीठे प्रवेशाच्या अर्जासोबतच हे प्रमाणपत्र मागतात, त्यामुळे ते डिसेंबरपर्यंत हाती असणे चांगले.

६. अर्ज मोजकेच, पण नीट करा

काही विद्यापीठे स्वतःच्या पोर्टलवर अर्ज घेतात आणि त्याला बऱ्याचदा शुल्क नसते. बाकीची उनी-असिस्ट या मध्यवर्ती संस्थेमार्फत घेतात. तिथे एका सत्रासाठी पहिल्या अर्जाला ७५ यूरो आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० यूरो लागतात. पाच अर्ज केले तर १९५ यूरो, म्हणजे जवळजवळ वीस हजार रुपये होतात. विनाशुल्क आणि सशुल्क मिळून सहा ते आठ अर्ज पुरेसे असतात, असा माझा अनुभव आहे.

उनी-असिस्टकडे अर्ज मुदतीच्या शेवटच्या दिवशी पोहोचला तर त्रुटी दुरुस्त करायला वेळच उरत नाही. ती संस्था तपासणीलाच काही आठवडे घेते. पैसे जमा होईपर्यंत तुमचा अर्ज हातात घेतला जात नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

मोटिव्हेशन लेटरमध्ये ‘लहानपणापासून मला यंत्रांचे आकर्षण होते’ अशी सुरुवात करू नका. त्या अभ्यासक्रमातले कोणते विषय हवेत, आपल्या प्रकल्पाशी त्यांचा संबंध काय आणि पुढे काय करायचे आहे, एवढे एका पानात सरळ लिहावे.

७. पैशांची उभारणी

व्हिसासाठी एका वर्षाच्या राहण्याच्या खर्चाची सोय दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ यूरो, म्हणजे महिन्याला ९९२ यूरो आहे. ती ब्लॉक अकाउंटमध्ये आगाऊ भरायची आणि जर्मनीत पोहोचल्यावर तिथूनच दरमहा ९९२ यूरो तुमच्या चालू खात्यात येतात. म्हणजे हा खर्च नव्हे, तुमचेच पैसे आहेत. पण बारा लाख रुपये एकरकमी उभे करावे लागतात, आणि बहुतेकांचे घोडे इथेच अडते.

शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर बँकेत जाण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्या. बँकेच्या अधिकाऱ्याला कर्ज विद्यापीठाच्या शुल्कपावतीवर हप्त्या-हप्त्याने वितरित करायची सवय असते. इथे शुल्कपावतीच नाही आणि राहण्याचा खर्च मात्र एकरकमी, तोही प्रवास होण्याआधी, हवा असतो. म्हणून मंजुरीपत्रातच ‘राहण्याच्या खर्चाची पूर्ण रक्कम ब्लॉक अकाउंटमध्ये एकत्र वितरित करावी’ असे लिहून घ्यावे. तोंडी होकारावर विसंबून राहू नये. शाखेतला अधिकारी बदलला की नवा अधिकारी शुल्कपावती मागतो.

साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात. तारण म्हणून फ्लॅट, एनए प्लॉट किंवा मुदत ठेव चालते. शेतजमीन सहसा चालत नाही आणि गावठाणातल्या घराचे कागद वकिलाच्या तपासणीत बऱ्याचदा अडकतात. टायटल सर्च आणि मूल्यांकनाला महिना-दीड महिना सहज लागतो, म्हणून प्रवेशपत्र येण्याची वाट न पाहता तारणाचे कागद बँकेला आधीच दाखवून ठेवावेत. पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या जाहिराती पाहून आशा लावू नका. ती योजना देशातल्या निवडक संस्थांसाठीच आहे.

परदेशी रक्कम पाठवताना बँक टीसीएस (आगाऊ गोळा केला जाणारा आयकर) कापते का, हेही पाहावे. एप्रिल २०२५ पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही. स्वतःच्या पैशांतून पाठवत असाल तर आर्थिक वर्षात दहा लाखांच्या पुढच्या भागावर लागतो, आणि ब्लॉक अकाउंटची रक्कम त्या मर्यादेच्या पुढे जाते. ज्याच्या पॅनवर रक्कम गेली त्याला हा कर विवरणपत्रात वळता करून किंवा परत घेता येतो, पण तोपर्यंत तेवढा पैसा अडकलेला असतो.

आणखी एक बारीक गोष्ट: मध्यस्थ बँका वाटेत आपले शुल्क कापतात. तुम्ही खाते पुरवणाऱ्या कंपनीच्या शुल्कासह अगदी तंतोतंत रक्कम पाठवली आणि तिथे पंधरा-वीस यूरो कमी पोहोचले, तर खाते पूर्ण भरल्याचे पत्र निघत नाही आणि तेवढ्यासाठी दुसऱ्यांदा रक्कम पाठवावी लागते. सुरुवातीलाच पन्नास-शंभर यूरो जास्त पाठवावेत. ते नंतर तुमच्याच खात्यात येतात.

शिष्यवृत्त्यांचा विचार अर्जाच्या आधी करावा, नंतर नव्हे. डीएएडीच्या मुदती बहुधा प्रवेशाच्या वर्षभर आधी असतात. फ्रीडरिश एबर्ट, हाइन्रिश ब्योल, कोनराड आडेनाउअर या पक्षांशी संलग्न प्रतिष्ठानांच्या शिष्यवृत्त्या परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळतात, पण त्यांना बहुतेक वेळा चांगले जर्मन आणि सामाजिक कामाचा पुरावा लागतो. महिना ३०० यूरोंची डॉइचलांडश्टिपेंडिउम तिथे दाखल झाल्यावर विद्यापीठामार्फत मागायची असते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर मागास प्रवर्गांसाठी आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही योजना आहेत. त्यांत जागतिक क्रमवारीची अट असते. ती दरवर्षीच्या जाहिरातीत नीट वाचून मगच विद्यापीठांची यादी पक्की करावी, कारण अनेक उत्तम आणि स्वस्त जर्मन विद्यापीठे त्या क्रमवारीत खूप खाली असतात.

८. विमा आणि व्हिसा

तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला तिथल्या सार्वजनिक आरोग्य विम्यात सवलतीचा दर मिळतो. तो सध्या महिना साधारण १४० ते १६० यूरो पडतो. काही खासगी योजना तीस-चाळीस यूरोंत विकल्या जातात आणि बचतीच्या मोहाने विद्यार्थी त्या घेतात. सार्वजनिक विम्यातून एकदा सूट घेतली की त्या शिक्षणाच्या काळात परत फिरता येत नाही, आणि स्वस्त योजनेत दात, जुने आजार, दीर्घ उपचार यांपैकी बरेच काही वगळलेले असते. बेताचे पैसे असणाऱ्याने इथे काटकसर करू नये. पोहोचल्यापासून नोंदणी होईपर्यंतच्या दिवसांसाठी मात्र वेगळा प्रवास विमा लागतो. तो ब्लॉक अकाउंटच्या पॅकेजमध्ये अनेकदा मोफत असतो.

महाराष्ट्र आणि गोवा मुंबईतल्या जर्मन महावाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. राष्ट्रीय व्हिसाचे शुल्क ७५ यूरो असून ते रुपयांत भरायचे असते. प्रवेशपत्र आले की त्याच दिवशी अर्जाच्या कामाला लागावे, कारण मे ते ऑगस्ट या काळात गर्दी असते. पर्यटकांसाठीचा शेंगेन व्हिसा घेऊन जाऊ आणि तिथे बदलून घेऊ, असे कोणी सुचवले तर ऐकू नये. भारतीयांना तसे करता येत नाही.

नकार मिळाल्यास पूर्वी दूतावासाकडेच फेरविचाराची मागणी करता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली आहे. आता नवा अर्ज किंवा जर्मनीतल्या न्यायालयात दाद, एवढेच मार्ग उरतात. त्यामुळे पहिलाच अर्ज नेटका हवा. शिक्षणात खंड असेल, पदवीचा विषय सोडून दुसराच निवडला असेल, तर त्याचे स्पष्टीकरण सोबतच्या पत्रात द्यावे.

९. राहण्याची जागा

प्रवेश मिळताच त्या शहरातल्या श्टुडीरेंडनवेर्क या विद्यार्थी-सेवा संस्थेच्या वसतिगृहाला अर्ज करावा. व्हिसाची वाट पाहू नये. प्रतीक्षायादी एका सत्राची, मोठ्या शहरांत त्याहूनही लांब असू शकते, पण बेताच्या पैशांत राहण्याचा सर्वांत चांगला मार्ग तोच आहे. खासगी सामायिक फ्लॅट ‘वेगे’ नावाने ओळखले जातात आणि त्यांच्या जाहिरातींत फसवणुकीचे प्रमाणही मोठे आहे. ठरलेला नमुना असा: फोटो देखणे, भाडे आसपासच्या दरापेक्षा कमी, मालक सध्या परदेशात, आणि अनामत भरली की किल्ली टपालाने येईल. खोली स्वतः किंवा तिथल्या ओळखीच्या माणसाने पाहिल्याशिवाय एक यूरोही पाठवू नये. म्युनिकसह काही शहरांत महाराष्ट्र मंडळे आहेत, विद्यापीठांत भारतीय विद्यार्थ्यांचे गट आहेत. कोणीतरी जाऊन पाहून येते.

अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकीच घेता येते आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. हे बहुतेक नवागतांना माहीत नसते आणि हजार यूरो पहिल्याच दिवशी हातचे जातात. जाहिरातीतले भाडे ‘थंड’, म्हणजे नुसते जागेचे, आहे की हीटिंग-पाण्यासह, तेही विचारून घ्यावे. फरक शंभर यूरोंच्या वर असतो.

१०. सामान

गॅसऐवजी तिथे सपाट काचेची विजेची शेगडी असते, म्हणून सपाट बुडाचा छोटा कुकर न्यावा. तूरडाळ, पोहे, गोडा मसाला तिथेही मिळतो, पण महाग पडतो. मसाले इथूनच नेलेले बरे. दूध आणि मांस यांपासून बनलेले पदार्थ युरोपीय संघाबाहेरून सामानात नेण्यास बंदी आहे, म्हणजे घरचे साजूक तूप आणि पेढे दोन्ही घरीच ठेवावे लागतात. हापूसलाही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय परवानगी नाही.

११. पहिले दोन आठवडे, आणि मधली अडचण

ब्लॉक अकाउंटमधला पहिला हप्ता तुम्ही उतरल्याबरोबर मिळत नाही. त्यासाठी चालू बँक खाते लागते, खात्यासाठी अनेक बँका पत्त्याची नोंद मागतात, पत्त्याच्या नोंदीसाठी घरमालकाचे पत्र लागते. ही साखळी पूर्ण व्हायला दोन ते पाच आठवडे जातात, आणि त्याच काळात भाडे, अनामतीचा हप्ता, सेमिस्टर काँट्रिब्युशन, गादी-भांडी असे सगळे एकदम येते. म्हणून ब्लॉक अकाउंटच्या बाहेर किमान १,५०० यूरो फॉरेक्स कार्डावर आणि थोडे रोख असे वेगळे ठेवावेत. घरी बजेट मांडताना ही रक्कम जवळजवळ नेहमी राहून जाते.

कामांचा क्रम असा ठेवावा. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरआम्ट या नागरिक सेवा कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिची वेळ भारतातूनच ऑनलाइन घ्यावी. घरमालकाने सही केलेला ठरावीक नमुन्यातला कागद सोबत लागतो. अल्पकाळच्या हॉस्टेलमध्ये किंवा उपभाड्याच्या खोलीत तो अनेकदा मिळत नाही, तेव्हा भाडे ठरवतानाच विचारावे. नोंदणी झाली की बँक, विमा, विद्यापीठातले नाव पक्के करणे ही कामे मार्गी लागतात.

त्याच दिवशी टपालपेटीवर आणि दाराच्या घंटीवर आपले आडनाव चिकटवावे. तिथला पोस्टमन फ्लॅट क्रमांक पाहत नाही, नाव पाहतो. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जाते, आणि बँकेचे कार्ड, पिन, कर क्रमांक, विम्याचे कार्ड हे सगळे टपालानेच येते. पुढे काही आठवड्यांत रेडिओ-टीव्ही शुल्काचे पत्रही येईल. टीव्ही नसला तरी हे शुल्क प्रत्येक घरामागे महिना १८.३६ यूरो द्यावे लागते. एका फ्लॅटमध्ये चौघे राहत असतील तर एकाने भरून इतरांत वाटून घ्यायचे. पत्र फेकून दिले तर दंडासह थकबाकी येते.

खाण्याचा खर्च आटोक्यात ठेवायचा तर दुपारी विद्यापीठाची मेन्सा (विद्यार्थ्यांची खाणावळ) आणि रात्री घरी स्वयंपाक, हाच मार्ग आहे. रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे शनिवारी बाजार करावा. प्लास्टिकच्या बाटल्या आणि पेयांचे कॅन टाकू नयेत. बहुतेकांमागे २५ सेंट अनामत असते आणि ती सुपरमार्केटमधल्या यंत्रात परत मिळते.

१२. काम

विद्यार्थी व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. विद्यापीठातले साहाय्यकाचे काम, ज्याला सगळे ‘हीवी’ म्हणतात, या मोजणीत धरले जात नाही. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम करण्याची मुभा मात्र यात नाही. काही डिलिव्हरी काम देणारे मध्यस्थ तशा करारावर सह्या घेतात आणि त्यातून रेसिडेन्स परमिटच धोक्यात येते. किमान वेतन १ जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० यूरो आहे आणि मिनी जॉबची, म्हणजे छोट्या अर्धवेळ नोकरीची, कमाईची मर्यादा महिन्याला ६०३ यूरो.

पहिल्या सत्रात उत्पन्न शून्य धरूनच हिशेब करावा. नंतरही जर्मन येत नसेल तर गोदाम, स्वयंपाकघर, सफाई एवढेच दरवाजे उघडे राहतात आणि रात्रपाळी करून सकाळचे व्याख्यान बुडते. बी१ असलेल्याला दुकानात, हॉटेलच्या स्वागतकक्षात किंवा छोट्या कंपनीत विद्यार्थी कर्मचारी म्हणून काम मिळण्याची शक्यता बरीच वाढते. भाषेवर इथे भारतात खर्च केलेले तीस-चाळीस हजार रुपये तिथे काही महिन्यांत वसूल होतात, ते असे.

१३. परीक्षा आणि दुसऱ्या वर्षाचा पैसा

परीक्षेसाठी मुदतीत वेगळी नोंदणी करावी लागते. नाव नोंदवून गैरहजर राहिले तर नापास धरतात, आजारी असल्यास डॉक्टरांचे प्रमाणपत्र द्यावे लागते. बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झाल्यास प्रवेश रद्द होतो आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही करता येत नाही. कामाचे तास वाढवण्याआधी हा नियम आठवावा. शिवाय दोन वर्षांचा अभ्यासक्रम प्रत्यक्षात पाच-सहा सत्रे चालतो, हे तिथे सर्वसाधारण आहे. बजेट अडीच वर्षांचे मांडा.

व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात रेसिडेन्स परमिटचा अर्ज करायचा असतो. भेटीची वेळ मिळायला महिने लागू शकतात, म्हणून पोहोचल्यावर लगेच मागणी नोंदवावी आणि अर्ज केल्याचा पुरावा जपून ठेवावा. परमिट वाढवताना पुढच्या काळासाठी पुन्हा पैशांची सोय दाखवावी लागते: भरलेले ब्लॉक अकाउंट, शिष्यवृत्ती किंवा नियमित पगाराच्या पावत्या. नेमक्या या वेळी पहिल्या वर्षाचे ब्लॉक अकाउंट रिकामे झालेले असते. कर्ज घेतले असेल तर दुसऱ्या वर्षाचा हप्ता मूळ मंजुरीतच समाविष्ट करून घ्यावा. बँक तो देण्यापूर्वी पहिल्या वर्षाची गुणपत्रिका मागते, आणि जर्मन विद्यापीठांचे निकाल लागायला वेळ लागतो. म्हणून पहिल्या सत्राचे ट्रान्सक्रिप्ट मार्च-एप्रिलमध्ये मिळताच शाखेला पाठवून ठेवावे. पगारावर परमिट वाढवायचा विचार असेल तर त्या नोकरीचा करार आणि मागच्या काही महिन्यांच्या पावत्या भेटीच्या दिवशी हातात असायला हव्यात, तेव्हा काम शोधण्याची शेवटची तारीख त्यावरूनच उलटी मोजावी.